उत्तरेचं पाणी

आमच्या तांड्यात चौदा उंट होते आणि पाच माणसं. तिघं गोरे, दोघं आम्ही. आम्ही म्हणजे मी हम्मल आणि माझे शहदादमामा. दोघंही मकरानचे बलोच, उंटांबरोबर बोटीनं या परक्या मुलखात आलेले. पण गोऱ्यांच्या लेखी उंट हाकणारा प्रत्येक माणूस अफगाण. पहिल्याच आठवड्यात मामांनी एकदा सांगून पाहिलं, "साहेब, अफगाणिस्तान आमच्या गावापासून पंधरा दिवसांच्या वाटेवर आहे."

टर्नबुल म्हणाला, "असेना का. वास तर एकच येतो."

मामांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

टर्नबुल बंदूकवाला. शिकार करायची, पहारा करायचा आणि उरलेल्या वेळात आम्हाला शिव्या घालायच्या, एवढंच त्याचं काम. लीथ नावाचा दुसरा गोरा नकाशे काढायचा. तो कोणाला वाईट बोलायचा नाही, चांगलंही नाही. आणि म्होरक्या पेनहॅलो. उंच, सडसडीत, दाढी नेहमी विंचरलेली. तारायंत्राचे खांब जिथून उत्तर-दक्षिण जातात तिथून निघायचं आणि थेट पश्चिमेच्या समुद्राला भिडायचं, हा त्याचा पण होता. या वाटेनं आजवर कोणी गेलेलं नाही, असं तो सारखा म्हणायचा. आम्हाला रोज कोणाच्या तरी पावलांचे ठसे दिसायचे, विझलेल्या चुली दिसायच्या. पण ती माणसं त्याच्या हिशेबात नव्हती.

सातव्या आठवड्यात पाण्याचं अवघड झालं. वाळूच्या लांबच लांब टेकड्या, एकीमागे एक, आणि त्यांच्यावर सुयांसारखं गवत. उंटांच्या पायांतून रक्त यायचं. सहा पिंपांतली चार रिकामी झाली. तेव्हा एका सुकलेल्या खारट तळ्याच्या काठाला टर्नबुलला इथल्या मूळच्या लोकांची एक टोळी दिसली. पाच-सहा बायका कंद उकरत होत्या. उंट पाहून त्या पळाल्या. त्यानं उंट पिटाळला आणि एकीला गाठलं.

बाई पस्तिशीची असेल. खांद्यावर जुन्या व्रणांच्या ओळी, केस राखेनं माखलेले. टर्नबुलनं तिला केसांना धरून ओढत आणलं, तेव्हा ती ओरडली नाही. त्याच्या मनगटाचा तिनं असा चावा घेतला की आतलं पांढरं हाड दिसलं.

"हम्मल, दोर आण," पेनहॅलो म्हणाला.

मी आणला.

"बांध. तुमच्या गाठी सुटत नाहीत."

मी बांधलं. ते दुसऱ्या कोणावर ढकलून चालणार नाही. उंटाच्या पायाला घालतात ती गाठ मी तिच्या घोट्याला घातली. ओढली की आवळत जाते ती. बांधताना ती माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती, जणू पाठ करून ठेवत होती.

मग पेनहॅलोनं खारवलेल्या मांसाचं पिंप उघडायला सांगितलं. तो रागावलेला वगैरे नव्हता. लीथला शांतपणे समजावत होता, "या लोकांना पाणी ठाऊक असतं, पण ते सांगत नाहीत. तहान लागली की सांगतात. पाणी दाखवलं की सोडू तिला."

ती तोंड उघडेना. टर्नबुलनं नाक दाबलं आणि खारं मांस आत कोंबलं. लीथ पाठ करून पेन्सिलीला टोक काढत बसला. होतं ते टोक तासून तासून त्यानं निम्मी पेन्सिल संपवली.

मामा पुढं झाले. "साहेब, हे बरं नाही. बाईमाणूस आहे. पाण्यावाचून ठेवणं आमच्यात मोठं पाप आहे."

"तुला उंटांसाठी आणलंय, शहदाद. मत द्यायला नाही," पेनहॅलो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली आणि चालू लागली. तिच्या मागं आम्ही. एका बुटक्या खडकाच्या पोटाशी तिनं एक चपटा दगड सरकवला. खाली हात जाईल एवढं भोक, आणि आत ओल. तिच्या लोकांना ओंजळीनं काढून सगळा उन्हाळा पुरावं एवढं पाणी होतं ते. आम्ही फावड्यांनी भोकाची विहीर केली. चौदा उंट दोन दिवस पीत राहिले. तिसऱ्या दिवशी कडा ढासळल्या आणि खाली नुसता चिखल उरला, त्यात उंटांच्या लेंड्या.

तिला प्यायला मिळालं, तेही सगळ्यांच्या शेवटी. चिखलाकडे पाहत ती काहीतरी बोलली आणि तिनं मूठभर वाळू आमच्या दिशेनं फेकली. तिची भाषा मला येत नव्हती. पण शिवी कळायला भाषा लागत नाही.

मी पेनहॅलोला विचारलं, "साहेब, आता सोडायची ना?"

"पुढचं पाणी दाखवलं की."

"पाणी दाखवलं की सोडू म्हणालात."

टर्नबुल हसला. "काय रे, लग्न लावायचंय का तिच्याशी? बांध नीट."

त्यानंतर तिनं आम्हाला नैर्ऋत्येला नेलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. मधेच ती थांबायची, पुढं हात करायची आणि चालू लागायची. पेनहॅलो खूश होता. मी नव्हतो. माझी सगळ्यात जुनी सांडणी होती, शीरीन. वारा उत्तरेकडून आला की ती थबकायची, मान वळवायची, नाकपुड्या फुगवायची. वेसण ओढली की कुरकुरत पुन्हा वाटेला लागायची. संध्याकाळी छोट्या पाखरांचे थवेही उत्तरेकडेच जायचे.

मामांनीही ते पाहिलं होतं. "पाणी उत्तरेला आहे," ते हळूच म्हणाले. "आणि भरपूर आहे. ही बया आपल्याला त्याच्याकडे पाठ फिरवायला लावतेय."

"का पण? ती पण मरेल ना आपल्याबरोबर."

"अरे, तिची माणसं तिथं असणार. पोरं असतील. एक पाणी आपण काय करून ठेवलं ते तिनं पाहिलंय. तुझी आजी असती तर तिनंही हेच केलं असतं."

"मग सांगायचं का साहेबाला?"

"टर्नबुलची बंदूक घेऊन त्या पोरांच्या अंगावर जायचं? मला विचारू नकोस."

आम्ही गप्प राहिलो. पण गप्प राहण्याचं मोल पाण्यात द्यावं लागतं. चौथ्या दिवशी दोन उंट बसले ते उठलेच नाहीत. पेनहॅलोनं पाणी मापानं द्यायला सुरुवात केली. गोऱ्यांना एक पेला, आम्हाला अर्धा, तिला पाव. मामा साठीच्या पुढचे. त्यांची जीभ सुजली, पाय लटपटू लागले. मी पिंपापाशी गेलो आणि म्हणालो, "मामांना पुरा पेला द्या."

टर्नबुल पिंपावर बसला होता. "म्हातारा उद्या मरणारच आहे. मेलेल्यावर पाणी घालवू?"

मी त्याची गचांडी धरली. त्यानं बंदुकीचा दस्ता माझ्या तोंडावर मारला. माझे दोन दात पडले. लीथ मधे आला आणि स्वतःच्या पेल्यातलं निम्मं पाणी मामांच्या तोंडात ओतून, कोणाकडे न बघता निघून गेला.

पाचव्या पहाटे मी मामांना म्हणालो, "बस झालं. मी सांगतो साहेबाला. शीरीनला मोकळं सोडलं की ती नेईल."

मामांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता. "आधी तिला सोड. पुढं जाऊ दे. तिच्या माणसांना कळू दे. मग सांग."

"तेवढा वेळ तुम्ही काढाल का?"

"काढीन की. मकरानचा आहे मी. आम्ही तहानेच्या दुधावर वाढलेली माणसं."

ते खोटं बोलत होते. मला कळलं होतं, तरी मी ऐकलं.

गोरे सामान आवरत होते. मी उंटाची गाठ पाहतो असं दाखवून तिच्याजवळ बसलो आणि सुरीनं दोर कापला. घोट्यावरचं मांस सोललं गेलं होतं. माझ्या पखालीत घोटभर होतं ते तिच्यापुढं धरलं. तिनं पखाल हिसकावली, प्यायली, रिकामी पखाल माझ्या अंगावर फेकली आणि टेकडीआड नाहीशी झाली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ती गेल्याचं कळलं तेव्हा टर्नबुलनं बंदूक माझ्या छातीला लावली. "यानंच सोडली! दोर कापलेला आहे!"

"हो, मीच सोडली," मी म्हणालो. "मार मला. पण मग वाळू प्यायची तयारी ठेव. पाणी कुठं आहे ते आता फक्त मला ठाऊक आहे."

पेनहॅलो जवळ आला. पहिल्यांदाच त्याची दाढी विस्कटलेली होती. "कुठं?"

"दुपारी सांगेन."

"आत्ता सांग. हा बंडावा आहे, हम्मल. यासाठी फाशी होते."

"फाशी द्यायला झाड शोधा आधी."

टर्नबुलनं मला लाथा घातल्या. मी वाळूत पडून राहिलो, सूर्य किती वर चढला ते बघत. शेजारी एका पलाणाच्या सावलीत मामा होते. त्यांचा श्वास करवतीसारखा चालला होता. मनात सारखं येत होतं की बोलावं, आत्ताच बोलावं, ती बाई आपली कोण लागते? दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मामांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मी उठलो आणि शीरीनची वेसण काढून घेतली. ती क्षणभर उभी राहिली. मग तिनं उत्तरेकडे तोंड केलं आणि जी निघाली ती थांबेना. बाकीचे उंट तिच्यामागं. मामांना मी माझ्यापुढं उंटावर बांधून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खडकांची एक रांग दिसली. मी म्हणालो, "मामा, बघा, आलंच." त्यांची मान माझ्या खांद्यावर होती. केव्हा गेले ते कळलं नाही. अंग अजून गार झालं नव्हतं.

खडकांच्या कुशीत पाण्याचा डोह होता. हिरवा, खोल, उंटांनी कितीही प्यायलं तरी न संपणारा. काठावर चुली होत्या, राख कोमट होती. माणूस एकही नव्हतं. पेनहॅलो गुडघ्यांवर बसला, त्यानं देवाचे आभार मानले आणि डोहाला कोणा बड्या साहेबाच्या बायकोचं नाव दिलं. मी मामांना काब्याकडे तोंड करून पुरलं. खड्डा खणायला लीथ आला. मी त्याला नको म्हणालो.

माती लोटून मी उठलो तेव्हा वरच्या कड्यावर माणसं उभी होती. वीसेक असतील. भाले घेतलेले पुरुष, आणि त्यांच्यात ती. टर्नबुल बंदुकीकडे धावला. पण तिचं बोट त्याच्याकडे नव्हतं, पेनहॅलोकडेही नव्हतं. माझ्याकडे होतं. मी हात वर केले, रिकामे. भाला आला तो मांडीत शिरून मागून निघाला.

मला आधी दुखलं नाही, राग आला. तुझ्यापायी मामा गेले, असं मी बलोचीत ओरडलो. मग आठवलं, दोर कापताना ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिनं बघितलं होतं ते बांधताना.

टर्नबुलनं तीन गोळ्या झाडल्या. कड्यावरून एक म्हातारा खाली कोसळला. बाकीचे गेले. पेनहॅलो ओरडला, "आणखी गोळ्या झाड!" लीथनं टर्नबुलची नळी वर ढकलली. त्या सबंध प्रवासात त्यानं केलेली ही एकच गोष्ट मी त्याच्या नावावर धरतो. ते अर्ध्या पेल्याचं पाणी सोडून.

एका महिन्यानं आम्ही समुद्राला लागलो. बंदराच्या गावात बँड वाजला. पेनहॅलोनं भाषण केलं, की इथल्या भल्या रहिवाशांनी आम्हाला आनंदानं पाणी दाखवलं. मी मागं उंटांपाशी कुबडी घेऊन उभा होतो. "खोटं आहे!" मी ओरडलो. "तिला बांधून, खारवलेलं मांस कोंबून पाणी विचारलं. बांधलं तो मी!" लोक वळून बघायला लागले. दोघा शिपायांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "ऊन लागलंय बिचाऱ्याला," कोणीतरी म्हणालं. लीथ व्यासपीठावर बसला होता. त्यानं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

मी परत गेलो नाही. मामांवाचून गावात काय तोंड दाखवणार? इथंच राहिलो, लोकरीच्या गाठी उंटांवरून वाहिल्या, इथल्याच एका बाईशी घर केलं. चार वर्षांनी एक माणूस नकाशा घेऊन दारात आला. गुरं घेऊन त्या डोहावर जायचं होतं त्याला.

"तू गेलेला आहेस म्हणे. चल, वाट दाखव."

"तिथं पाणी नाही," मी म्हणालो.

"नकाशावर तर आहे."

"नकाशा खोटा आहे. तिथं विषारी झुडपं आहेत, जनावरं मरतात. आमचे दोन उंट मेले."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि नकाशाची घडी केली. "दुसरा अफगाण शोधतो," म्हणाला.

त्याला मिळाला. लीथनं नकाशा चोख काढला होता. पुढच्या हिवाळ्यात तिकडून आलेल्या एका उंटवाल्यानं सांगितलं, डोहाभोवती कुंपण घातलंय, हजारभर गुरं आहेत, पाणी मात्र आटत चाललंय. मी त्याला मूळच्या लोकांबद्दल विचारलं, खांद्यावर व्रणांच्या ओळी असलेल्या एका बाईबद्दल विचारलं.

"लोक?" तो म्हणाला. "तिथं कुठले लोक? मी तर एकही पाहिला नाही."