फाल्गुनापर्यंत थांबा

आमच्या देवासच्या घरात घोड्यांतलं सगळ्यांना सगळं कळतं, फक्त दुसऱ्याचं ऐकून घेणं कुणाला जमत नाही. आषाढात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या माणक घोड्याच्या वीर्याचा नमुना तपासून नकारार्थी मान हलवली, आणि मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओट्यावर बसल्याबसल्या निकाल देऊन टाकला.

"दो साल हो गये, एक घोडी गाभण नाही. थंडी पडली की खच्ची करून टाका. मिरवणुकीत तरी शांत चालेल."

माणकला मी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. पण आधी डॉक्टरीणबाईंना गाडीपाशी गाठलं.

"घोडा वाईट नाही, वेळ वाईट आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्याची धग बसली की बीज बिघडतं, आणि नवं तयार व्हायला दोनेक महिने जातात. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हाही घोडा मंदच. दिवस मोठे होऊ लागले की, ऊन तापायच्या आत, फाल्गुनात बघा."

आमच्याकडे नेमकं उलटं. माळव्यातल्या घोड्या लग्नांत राबतात. लग्नसराई संपून बँडवाले घरी बसले की मग मालक त्यांना घोडा दाखवायला आमच्या दारी आणतात, भर ज्येष्ठात नाहीतर आषाढात. पूर्वी आमचे घोडे कडुनिंबाखाली असत, तेव्हा कसंबसं निभावायचं. दोन वर्षांमागे मामंजींनी मोठ्या हौसेने पत्र्याची शेड घातली. तिच्यात माणक भाजून निघायचा आणि वर नामर्द ठरायचा.

"फाल्गुनापर्यंत थांबा," मी मामंजींना सांगितलं.

"फाल्गुनात तुला घोडी कोण देणार?" ते हसले. "आणून दाखव. गाभण राहिली तर घोडा तुझा. नाहीतर डॉक्टरला मीच बोलावतो."

त्याच दिवशी माणकला शेडमधून काढून कडुनिंबाखाली बांधलं. मामंजी पुटपुटत राहिले, मी ऐकलं नाही.

फाल्गुन लागला. डहीपासून सरदारपूरपर्यंत सगळ्या घोडीवाल्यांना फोन केले. जो तो एकच म्हणे, "लग्नं चालू आहेत वैनी, डोकं फिरलं का?" माजावर आलेली घोडी वरातीत आवरत नाही, आणि गाभण घोडीला ढोल-फटाक्यांत कोण नेणार? त्यांचंही खोटं नव्हतं.

मग उरली माझीच चांदणी. ही घोडी मला माहेरून मिळालेली. तिच्या वरातींवर माझा हातखर्च चालतो, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तरी मी तिचा साज उतरवून ठेवला.

माझा नवरा अजेय चिडला. "अरे, शर्माजींच्या वरातीची सुपारी घेतलीय! त्यांना काय सांगू?"

"सांग, नवरदेवाला चालत आणा म्हणावं. पाय आहेत ना त्याला?"

डॉक्टरीणबाईंनी माणकचा नमुना पुन्हा घेतला. या वेळी सूक्ष्मदर्शकावरून त्यांनी डोळा लवकर काढलाच नाही. "बघा तुम्हीच," म्हणाल्या. मी पाहिलं. नुसती धावपळ चालली होती. मामंजी म्हणाले, "काचेवर शिंगरू होत नसतं." मग चांदणी माजावर आली आणि आम्ही ती माणकला दाखवली.

चैत्रात सोनोग्राफी झाली. पडद्यावर एक काळा गोल ठिपका दिसला. मी माणकच्या मानेत तोंड खुपसून मोठ्याने रडले. मामंजी फक्त "बरं" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या देवासला सांगून आले.

त्याचा परिणाम ज्येष्ठात दिसला. सरदारपूरचे नारायणराव टेम्पोतून घोडी घेऊन दारात हजर. बाहेर डांबर वितळत होतं. मामंजी खुशीत गेट उघडायला निघाले. मी आडवी उभी राहिले.

"घोडी आत येणार नाही. फाल्गुनात आणा."

"सूनबाई, बाजूला हो," मामंजी गरजले. "पाहुणे आलेत."

नारायणराव हसले. "फाल्गुनात कशी आणू? तेव्हा ती वरातीत असते."

"मग उन्हात आणायची, गाभण राहिली नाही की गावभर आमच्या घोड्याला नावं ठेवायची!" मामंजी कडाडले. "घोड्याचा काय गुन्हा?"

बोलून झालं आणि ते तिथेच थबकले. माझ्याकडे बघेनात. आषाढात ओट्यावरून खच्चीचा निकाल त्यांनीच दिला होता.

मामंजींनी पुढे होऊन गेटची कडी स्वतःच्या हाताने लावली.