पोटाचं दुखणं

नवरा गेल्यावर मी वाळत चालले, तेव्हा सासूबाईंना पहिल्यांदा माझ्याबद्दल माया वाटली. लग्नापासून आमचा छत्तीसचा आकडा. आता मात्र येईल त्याला सांगायच्या, "माझ्या लेकासाठी झुरतेय हो पोर. खाते, पण अंगी लागत नाही." केसांना तेल लावून द्यायच्या, झोपताना पाठीवर हात ठेवायच्या.

मी हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. खरं सांगायचं तर मला दिवसभर जुलाब व्हायचे, जीभ सोलवटून लाल झालेली, घडी घालता घालता पाय लटपटायचे. नवऱ्याची आठवण यायची, खूप यायची. पण आठवणीने कुणाला सारखं संडासात धावावं लागतं का? तरी मी गप्प बसले. आयती मिळालेली माया कोण सोडतं?

शेवटी इस्त्रीच्या टेबलाशीच चक्कर येऊन पडले. दवाखान्यात सासूबाई सोबत होत्या. रक्ताची तपासणी झाली, दुर्बीण घालून आतडं तपासलं.

"उष्ण प्रदेशात होणारा आतड्याचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्नातलं सत्त्व शरीरात शिरतच नाही. काही महिने गोळ्या घ्या, बऱ्या व्हाल."

"म्हणजे त्याच्यासाठी नव्हतं?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मला कळलं.

"आई, पोट बिघडलं म्हणून आठवण खोटी होते का?"

सासूबाई पिशवी आवरायला लागल्या.

गोळ्यांनी गुण आला. जुलाब थांबले, तोंडाला चव आली आणि मेली भूक अशी लागायची, की विचारू नका. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की सासूबाई ताटावरून उठायच्या. तेलाची बाटली फळीवर धूळ खात पडली. एकदा मी मुद्दाम गोळी न घेता झोपले. सकाळी घेतली. जगायचं तर होतंच.

मग नणंद आईला आपल्याकडे न्यायला आली. दारात सासूबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"भरलेत गं गाल," त्या म्हणाल्या. "तो असता तर बरं वाटलं असतं त्याला."

"आणि तुम्हाला, आई?"

त्या कठडा धरून जिना उतरायला लागल्या.

सवयीने मी दोघींचा स्वयंपाक करून ठेवला होता. रडत रडत सगळा संपवला, आणि तरी भूक राहिली.