पक्का नव्हे, पक्कद

पार्सल पोचल्याचा मेसेज अकराला आला, तेव्हा मी दाराच्या आतच उभी होते. बेल वाजली नव्हती. जिन्यात कुणी नव्हतं, खाली गेटपाशी कुणी नव्हतं. मेसेजमध्ये मात्र लिहिलं होतं, शेजाऱ्यांनी स्वीकारलं.

पार्सलमध्ये अभिमन्यूच्या पावडरचा डबा होता. माझ्या सात महिन्यांच्या लेकाला गाईचं दूध चालत नाही. चुकून पोटात गेलं तर अंगावर गांधी उठतात, शीतून रक्त जातं. डॉक्टरांनी लिहून दिलेली ती एकच पावडर त्याला सोसते. राजाजीनगरातल्या चार औषधांच्या दुकानांत विचारून झालं होतं. मागवावी लागेल, चार दिवस तरी जातील, असं चौघांनीही सांगितलं. जुन्या डब्यात नऊ चमचे उरले होते. एका बाटलीला सहा लागतात. म्हणजे दुपारची एक बाटली, मग अर्धी, मग काही नाही.

सयाजीला, म्हणजे नवऱ्याला, कळवलं. ‘मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बघू,’ असं त्याचं उत्तर आलं. संध्याकाळी बघायला डब्यात काही उरणारच नव्हतं.

कस्टमर केअरच्या बाई हिंदीत फार गोड बोलल्या. त्यांच्याकडे डिलिव्हरी झाल्याची नोंद होती, पण हवं तर पैसे परत मिळतील म्हणाल्या, पाच ते सात दिवसांत. मी म्हटलं, पैसे मुलाला पाजता येत नाहीत, पार्सल घेऊन आलेल्या माणसाचा नंबर द्या. तो देता येत नव्हता. तक्रार केल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

दोन्ही बाजूंच्या घरांत विचारून आले. कुणाकडेही काही आलं नव्हतं. तेव्हा मला सकाळचा एक फोन आठवला. अनोळखी नंबर, पलीकडून भराभर कन्नड. मी नाशिकची, याच शहरात पण लांब व्हाइटफील्डला दोन वर्षं हिंदी-इंग्रजीवर निभावलं. राजाजीनगरात राहायला येऊन तीन आठवडे झाले होते, आणि भाजीवाली असो की रिक्षावाले, कुणी काही बोललं की मी ‘सरी, सरी’ म्हणून मोकळी व्हायचे. सरी म्हणजे बरं. त्या फोनवरही तेच केलं. बोलण्यात एक ‘पक्का’ ओळखीचा वाटला, म्हणून जोर देऊन म्हटलं होतं, सरी, पक्का.

आता तो नंबर लावला तर बंद.

अभिमन्यूला घेऊन खाली घरमालकिणीकडे गेले. शकुंतलाबाईंचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड अशी मिसळलेली असते की कुठलं काय ते त्यांनाही सांगता येत नाही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही.

“स्वल्प बस आधी,” अक्का म्हणाल्या. “काय म्हणाला तो? ऐकलीस तसंच सांग.”

“बीग की कायसं. मग पक्का. मग मने, कोड्ला.”

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. “पक्का नव्हे गं, पक्कद. पक्कद मने म्हणजे बाजूचं घर. घराला बीग आहे, कुलूप आहे, बाजूच्या घरात देऊ काय, असं विचारला बघ तो. आणि तू पक्का म्हणून बसलीस.”

“पण मी घरातच होते, अक्का. कुलूप कुठलं?”

“मग तो आपल्या घराला आलाच नाही म्हण की.”

मी ऑर्डर उघडली आणि पत्ता अक्षर न् अक्षर वाचला. घर नंबर सत्तेचाळीस, थर्ड क्रॉस, फोर्थ मेन. आमचं घर फोर्थ क्रॉस, थर्ड मेनवर आहे; क्रॉस म्हणजे आडवी गल्ली, मेन म्हणजे मोठा रस्ता, आणि मी आकडे उलटे टाकले होते. ऑर्डर करताना अभिमन्यू खांद्यावर रडत होता, मी एका हातानं टाइप केलं होतं. चूक कंपनीची नव्हती, त्या माणसाचीही नव्हती. गंमत म्हणजे हे कळल्यावर हायसं वाटलं. डबा हरवला नव्हता. दहा मिनिटांवरच्या एका घरात होता, आणि ते घर मला शोधता येणार होतं.

अक्का त्यांच्या मुलाला, रघुजीला, दुकानातून बोलावून पाठवते म्हणाल्या. मी नको म्हटलं. माझा डबा मीच आणणार होते. फक्त ‘मला समजलं नाही, जरा सावकाश सांगा’ हे कन्नडमध्ये कसं म्हणायचं ते त्यांच्याकडून शिकून घेतलं आणि तीनदा घोकलं. अभिमन्यूला छातीशी बांधलं. पिशवीत उकळून घेतलेली बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास टाकला. पावडर मुद्दाम घेतली नाही, ती नव्या डब्यातलीच घालणार होते.

तिथल्या सत्तेचाळीस नंबरला खरंच कुलूप होतं. बाजूच्या घराची बेल वाजवली. माझ्याच वयाच्या एका बाईनं दार उघडलं, जाळीचं मात्र बंदच ठेवलं, आणि भराभर काहीतरी विचारलं.

“गोत्तागलिल्ल,” मी म्हटलं. “स्वल्प निधानवागि हेळि.”

ती थांबली. मग एकेक शब्द सुटा करून बोलली, मध्ये थोडी हिंदी घालून. तिचं नाव रम्या. पार्सल तिच्याकडेच होतं. पण ते तिनं शेजारच्यांसाठी घेतलं होतं, शेजारचे येलहंक्याला लेकीकडे गेले होते, आणि त्यांची वस्तू ती भलत्या माणसाच्या हातात देणार नव्हती. मी मोबाइलवर ऑर्डर दाखवली. मोबाइलवर काय, कुणीही काहीही दाखवतं, म्हणाली.

मला राग यायला हवा होता. पण माझ्या मुलाचा डबा जिच्या घरात आहे ती बाई तो कुणालाही देऊन टाकणारी नाही, हे पाहून बरंच वाटलं. तिच्या जागी मीही दिला नसता.

“खोक्यावर फोन नंबर असेल,” मी सांगितलं. “तो लावून बघा.”

ती आत गेली. तिनं एकेक आकडा पुटपुटत लावल्याचं मला बाहेर ऐकू येत होतं. माझ्या पिशवीत फोन वाजला, अभिमन्यू दचकून उठला आणि त्यानं भोकाड पसरलं. भुकेची वेळ झालीच होती.

रम्यानं जाळी उघडली. खोकं माझ्या हातात दिलं, पंखा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. मी डब्याचं सील पाहिलं, तारीख पाहिली, पावडरचं नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या नावाशी ताडून पाहिलं. मग सहा चमचे, काठाशी सपाट केलेले. अभिमन्यूचा आवाज बाटली तोंडात जाताच थांबला. रम्या बघत उभी होती. हा डबा किती दिवस पुरतो, तिनं विचारलं.

“चार.”

“मग पुढचा आत्ताच मागवा,” ती म्हणाली, “आणि पत्ता मला वाचून दाखवा.”

मी मोठ्यानं वाचला. फोर्थ क्रॉस, थर्ड मेन. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावला. मी दोन डबे मागवले. तोवर अभिमन्यूनं बाटली संपवली होती आणि रिकामी बाटली चोखत तो तिच्याकडे टक लावून बघत होता.