खिळ्यावरची पिशवी

"खिडकीशी तुम्ही बसा. पाहुण्याला खिडकी द्यावी," म्हणत विनयाने आत्मारामला आत सरकवलं आणि आगाशीची बस विरार स्टेशनजवळून सुटली.

एकतीस वर्षं विरारला काढून आत्मारामला गाव ठाऊक होतं ते घर ते स्टेशन एवढंच. फोर्टातल्या विमा कचेरीत कारकुनी, रविवारी झोप. बाकीचं बघायला सवड कुणाला! आता तो निवृत्त झाला होता. मुलगा सुमेध पुण्याला, तेव्हा इथली जागा विकून तिकडेच जायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. उद्या गिऱ्हाईक सौदा पक्का करायला येणार होतं. बायको, विनया, नुसतं "बरं" म्हणाली होती. एवढंच मागितलं होतं, की जायच्या आधी एक दिवस माझ्याबरोबर फिरा.

फिरायचंच तर आत्माराम मन लावून फिरला. नंदाखालला उतरून त्याने चर्चचा फोटो काढला, केळीच्या बागांचे काढले, रहाटाच्या जुन्या विहिरीत तर इतका वाकला की विनयाने सदरा धरून ठेवला.

"अगं, हे सगळं इथेच होतं?"

"नाही. काल आणून ठेवलं, तुम्ही येणार म्हणून."

एका अंगणातून लिडिया नावाच्या बाईने हाक मारली, "विनयाताई, गुडघा कसा आहे आता?"

"बराय गं!"

"गुडघ्याला काय झालं होतं?" आत्मारामने विचारलं.

"श्रावणात पडले होते." ती पुढे चालू लागली.

आगाशीच्या बाजारात ती कमळीच्या भाजीच्या टपरीशी थांबली. मागच्या फळीवर ओळीने खिळे आणि खिळ्याखिळ्यावर कापडी पिशवी. नेहमीच्या बायका शनिवारी आपली भरलेली पिशवी उचलायच्या आणि रिकामी टांगून जायच्या. पुढच्या शनिवारपर्यंत कमळी ती जिच्या तिच्या आवडीने भरून ठेवायची. ना यादी, ना फोन.

"बाय, आज पावना कोन आनलास?"

"माझे मिस्टर."

कमळीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "अगो बाय! मला वाटं, तुजा मानूस दुबईला हाय!"

आत्माराम हसला, पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विनयाने भरलेली पिशवी घेतली. बरोबर आणलेली रिकामी मात्र घडी करून पर्समध्ये टाकली.

"आन् ती?" कमळीचा हात पुढे झालेला तसाच राहिला.

"आता राहू दे गं."

पिशवी परत नेते ती गाव सोडणारी, हे कमळीला सांगावं लागत नव्हतं. "किती वर्सं झाली गो आपल्याला?"

"बावीस."

मोकळा झालेला खिळा कमळीने पदराने उगाचच पुसला.

आत्मारामच्या डोक्यात प्रकाश पडायला अंमळ वेळ लागला. त्याने विकायला काढल्या होत्या दोन खोल्या. त्यांच्याबरोबर बायकोचं आणखी काय काय जाणार होतं, ते त्याने विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःचा मनापासून राग आला.

"एकदा तरी सांगायचंस."

"म्हणून तर आणलं."

"पिशवी दे."

तिने जरा थांबून पर्स उघडली. आत्माराम टोपल्यांमधून कसाबसा आत शिरला आणि टाचा उंचावून त्याने पिशवी खिळ्याला टांगली.

"सुमेधशी मी बोलतो," तो म्हणाला. "त्या गिऱ्हाइकाशीही."

विनया तोंड फिरवून दुधी चाचपत राहिली.

"शनवारी काय भरू?" कमळीने मग त्यालाच विचारलं.

आत्माराम गडबडला. बायकोला कुठली भाजी आवडते, हे त्याला आठवेना. खरं तर माहीतच नव्हतं.

"नेहमीचंच," तो चाचरत म्हणाला, आणि भरलेल्या पिशवीत काय काय आहे ते वाकून बघू लागला.