दाढ कोरताना सांगितलेली कादंबरी

दातांच्या डॉक्टरला वाचक शोधत हिंडावं लागत नाही. वाचक आपल्या पायांनी येतो, खुर्चीत आडवा होतो आणि तोंड उघडतो. एकदा गालात कापूस बसला की त्याला 'नको' म्हणता येत नाही. आपण पुस्तकं सुचवण्यात पटाईत आहोत, असं आपल्या डॉक्टरांना का वाटायचं, याचं एवढंच कारण होतं. हे आता ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःची अजिबात गय करत नाहीत.

दाढ कोरता कोरता ते कादंबरी सांगायला घेत. खुर्चीतला माणूस 'आँ' म्हणाला की ती त्यांना दाद वाटे. पुष्कळदा त्याला दुखत असे, ही गोष्ट वेगळी. शेजारचा शिंपी तर खुर्चीत बसायच्या आधीच, "डॉक्टर, ते मागचं वाचलं हो, फार छान," असं म्हणून घाईघाईनं तोंड उघडायचा, म्हणजे पुढचे प्रश्न टळत. डॉक्टर मात्र घरी बायकोला सांगत, "शिंप्याला काय गोडी लागलीय बघ वाचनाची!"

खुद्द डॉक्टरांना ही गोडी लावली ती ताईनं, त्यांच्या मोठ्या बहिणीनं. लहानपणी दोघं एकच पुस्तक मांडीवर धरून वाचायची. संसार वेगळे झाले तरी रविवारी सकाळी ताई यायची, आणि चहा घेत दोघं आठवडाभराचं वाचन एकमेकांना सांगायची. 'एकमेकांना' हा डॉक्टरांचा शब्द. पण गेले काही महिने ती येईनाशी झाली होती. कधी घरी पाहुणे, कधी गुडघा. फोनवर पुस्तकाचा विषय काढला की नुसतं "बघते" म्हणायची. डॉक्टरांना ते मनातून फार लागलं होतं. सगळं गाव आपल्या शब्दाखातर वाचतंय आणि सख्खी बहीण टाळतेय! रविवारचा चहा त्यांना नकोसा झाला होता. काहीही करून तिला परत आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

म्हणून ताई दाढ धरून दवाखान्यात आली, तेव्हा त्यांना वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. असे हे बंधुराज!

पुस्तक तयारच होतं. पुलावर पहारा देणाऱ्या एका बाईची कादंबरी, घरच्या कपाटात हाताला लागलेली. इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला, आणि डॉक्टर सुटले. दुखलं तर हात वर करायचा, असं ते सगळ्यांनाच सांगत. पुरात ती बाई कंदील घेऊन निघते, तिथवर गोष्ट आली आणि ताईनं हात वर केला.

"दुखतंय?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग ऐक तर!"

तिनं पुन्हा हात वर केला. डॉक्टरांनी तो प्रेमानं धरून खाली ठेवला आणि कंदिलापासून पुढे चालू केलं.

काम संपलं. ताईनं चूळ भरली आणि सुन्न ओठ सावरत म्हणाली, "ते पुस्तक मीच आणून दिलं होतं तुला."

"काय सांगतेस!"

"दोन रविवार तेच सांगायचा प्रयत्न करत होते. कंदिलापर्यंत आले की तू म्हणायचास, ते राहू दे, आधी हे ऐक."

"म्हणजे निवड तुझीच, आणि पसंती माझी!" डॉक्टर हसले. ताई हसली नाही.

"मी वाचायचं नाही सोडलं रे. तुला सांगायचं सोडलं. दर वेळी काय सांगायचं ते वाटभर ठरवत यायचे, आणि तसंच परत घेऊन जायचे."

इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावण्यात घालवलेल्या माणसाला बहिणीच्या तोंडचा एक शब्द ऐकू आला नव्हता. डॉक्टरांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. काहीतरी गमतीदार बोलावं असं फार वाटलं, पण त्यांनी ते गिळलं.

"सध्या काय वाचतेयस?"

"आत्ता नीट बोलता येत नाहीये मला."

"येईल तसं बोल."

बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगून ते स्टुलावर बसले. ताई अडखळत बोलायला लागली. पुस्तक एका आंधळ्या सुताराचं होतं. दुसऱ्याच वाक्याला डॉक्टरांना याच विषयावरचं दुसरं, कितीतरी सरस पुस्तक आठवलं. नाव अगदी ओठांवर आलं. त्यांनी ओठ मिटून घेतले. हे इतकं अवघड असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

ऐन रंगात ताई थांबली. दर वेळी ती अशाच जागी थांबायची, आता भाऊ मध्येच बोलायला लागेल म्हणून. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग पुढे?" डॉक्टर म्हणाले.

ताईनं पदरानं डोळे पुसले, खुर्चीत पाय वर घेतले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.