लेबल नसलेला कॅन

मिरजेजवळच्या रामगोंडा पाटलांच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या क्षारानं तुंबल्या होत्या. त्या साफ करायला आणलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या कॅनवरचं लेबल मात्र गळून गेलं होतं.

"गेल्या सालासारखंच आसंल. तेवढंच सोडू," रामगोंडा म्हणाले.

"न्हाई आप्पा. कडक निघालं तर मुळ्या जळतील. दोन दिवस थांबा," त्यांची मुलगी ब्राह्मी म्हणाली. ती सांगलीला रसायनशास्त्र शिकत होती.

सरांना विचारून तिनं नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला आणि पाण्यात शंभर पट पातळ केला. त्यातले दहा मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेऊन त्यात रंगदर्शकाचे दोन थेंब टाकले आणि वरून ०.१ मोलर तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. फ्लास्कमधला रंग एकदम गडद गुलाबी झाला. थेंब जास्त गेले होते.

"जवळपास आलंय की गं," मैत्रीण मयूरी म्हणाली.

"मला जवळपास नको."

तिनं भांडी धुऊन पुन्हा सुरुवात केली. चौथ्या खेपेला फिका गुलाबी रंग टिकला, म्हणजे अ‍ॅसिड नेमकं संपलं होतं. १०.२ मिलिलिटर लागले होते. पाचव्या, सहाव्या खेपेलाही तेवढेच. म्हणजे पातळ अ‍ॅसिड ०.१०२ मोलर आणि कॅनमधलं १०.२. गेल्या वर्षीच्या कॅनवर ५.१ लिहिलेलं होतं; हे त्याच्या दुप्पट!

तिनं लगेच फोन लावला. "आप्पा, निम्मंच घ्यायचं."

"तू आल्याबिगर कॅन उघडत न्हाई," रामगोंडा म्हणाले.

रविवारी दोघांनी हातमोजे घालून निम्मं अ‍ॅसिड मोजून नळ्यांत सोडलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या नळ्या मोकळ्या झाल्या.