साहेबांच्या गळ्यातला पत्ता

माझा थोरला भाऊ जनावरांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्याची वेबसाइट मी केली, तीही फुकटात, आणि म्हणून तिच्यात हवी तेव्हा ढवळाढवळ करायचा हक्क मला आहे असं मी समजते. त्याच्याकडच्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात एक बिल्ला असतो. त्यावरचा कोड मोबाइलने स्कॅन केला की 'कुत्रा/४१' असल्या पत्त्यावरचं पान उघडतं आणि मालकाचा नंबर दिसतो.

मग दादाकडे एक कासव आलं आणि मला शिस्तीची हुक्की आली. कुत्रा, मांजर, कासव असले वेगवेगळे पत्ते हवेत कशाला? सोमवारी सगळ्यांना 'प्राणी' या एका नावाखाली आणलं. कुठला पत्ता आला की कुठलं पान दाखवायचं, ते सर्व्हरला सांगणाऱ्या ओळींना रूट म्हणतात. जुने रूट मी पुसून टाकले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मंगळवारी दुपारी मी आईकडे लॅपटॉप घेऊन बसले होते. आई बाहेरून आली, चेहरा पांढराफटक.

"फाटक उघडं राहिलं. साहेब कुठे दिसत नाहीत गं."

साहेब म्हणजे तिचा कुत्रा. बाबांच्या माघारी त्या घरात तिला बोलायला तेवढाच एक.

"बिल्ला आहे ना? कुणीतरी फोन करेल," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच आठवलं. बिल्ल्यावरचा पत्ता जुना होता.

सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. 'कुत्रा/४१, पान सापडलं नाही.' एकदा नाही, सात वेळा. शेवटची नोंद मिनिटापूर्वीची. कुणीतरी भलं माणूस साहेबांना धरून उभं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर दार आपटत होते. कंटाळून त्यानं पट्टा सोडला असता तर?

जुनी ओळ परत लिहिली. घाईत दोनदा चुकले. सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि नोंदींकडे बघत बसले.

आठव्यांदा पान उघडलं. लगेच आईचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर घेतला.

"बेकरीतून बोलतेय. तुमचा कुत्रा इथे बिस्किटं खात बसलाय. अहो, अर्धा तास झगडतेय त्या पानाशी. कुणी केलंय ते?"

मी आईला हातानंच नको नको म्हटलं.

"माझ्या लेकीनं," आई ताठ मानेनं म्हणाली. "आत्ताच दुरुस्त केलं तिनं, म्हणून तर तुमचा फोन लागला."

तिनं फोन ठेवला तेव्हा मला राहवेना. "आई, बिघडवलंही मीच होतं."

"ते मघाशीच कळलं, तुझं तोंड बघून," ती चपला घालत म्हणाली. "चल, त्यांना घेऊन येऊ."